लेझीम, संगणक आणि आम्ही

शाळेच्या वार्तापत्रात मुख्याध्यापकांनी दरवेळी चार शब्द लिहावेत, अशी आपल्याकडे जुनी प्रथा आहे. हे चार शब्द बहुधा निकाल, शिस्त, फी आणि पालकसभा यांवरच खर्ची पडतात. या वेळी मात्र आम्ही एका चुकीविषयी लिहिणार आहोत. चूक आमचीच असल्यामुळे ती लिहायला कोणाची हरकत नव्हती. ज्या विद्यार्थ्याच्या बाबतीत ती घडली, त्याला मात्र आम्ही आधी विचारले. तो म्हणाला, "लिहा सर, पण माझं नाव नका टाकू." म्हणून नाव टाकत नाही.

गोष्ट गेल्या स्नेहसंमेलनाची. संमेलनाच्या आदल्या दिवशी आपल्याकडे विज्ञान व कला प्रदर्शन भरते, हे पालकांना ठाऊक आहेच. त्यात नववीतल्या एका मुलाने संगणकावर एक खेळ मांडला होता. पडद्यावर शाळेचे पटांगण, मागे लिंबाचे झाड, आणि मधोमध पांढरा सदरा व केशरी फेटा घातलेला एक मुलगा हातात लेझीम घेऊन उभा. बाणाची कळ दाबली की तो चालू लागे. स्पेस बार दाबला की थांबून लेझीम खेळू लागे. पुन्हा दाबला की सरळ उभा राही. बस्स, एवढाच खेळ. पण त्या टेबलाभोवती दिवसभर गर्दी हटली नाही. पाचवी-सहावीची मुले तर रांग लावून कळ दाबत होती. पहिला क्रमांक याचाच, असे सगळे धरूनच चालले होते.

परीक्षकांनी मुलाला विचारले, "हे सारे तू स्वतः केलेस?" मुलगा प्रामाणिक. तो म्हणाला, "झाड, मैदान, फेटा मी केला. हलणं-चालणं एआय एजंटकडून करवून घेतलं."

झाले! शेजारच्या टेबलावर सातवीतल्या एका मुलीने कागदाच्या लगद्याचा राजवाडा केला होता, सातही मजल्यांचा. तिचे वडील तिथेच उभे होते. ते म्हणाले, "माझी मुलगी पंधरा दिवस खपली आहे. बोटांची सालं निघाली तिच्या. आणि याने यंत्राला हुकूम सोडला!" त्यांचे म्हणणे चूक नव्हते. तेवढ्यात आमचे एक विश्वस्त हसत म्हणाले, "मुख्याध्यापक साहेब, बक्षीस मुलाला द्यायचे की यंत्राला?" भोवतीची मंडळी हसली. आम्हाला काही तरी निर्णय देणे भाग होते, आणि घाईत दिलेला निर्णय बहुधा मोठ्या आवाजात दिला जातो. आम्ही सर्वांसमोर त्या मुलाला म्हणालो, "अरे, यात तुझी मेहनत कुठे आहे?" आणि त्याची प्रवेशिका स्पर्धेतून काढून टाकली.

मुलाने उत्तर दिले नाही. त्याने संगणक बंद केला, वायर गुंडाळली आणि तो निघून गेला. राजवाड्याला पहिले बक्षीस मिळाले, आणि ते योग्यच होते.

संमेलन संपल्यावर दोन आठवड्यांनी संगणकाच्या मॅडम आमच्या खोलीत आल्या. म्हणाल्या, "सर, तो मुलगा लॅबमध्ये येत नाही. मधल्या सुट्टीतही नाही. आपण रागवा माझ्यावर, पण एक विनंती आहे. ते काम कसे होते, ते आपण एकदा शेजारी बसून बघा." मॅडमनी यापूर्वी आम्हाला इतके स्पष्ट कधी सुनावले नव्हते. आम्ही हो म्हणालो. मुलाला बोलावले. तो आला, पण खुर्चीच्या कडेवर बसला.

आता जे पाहिले ते आमच्यासारख्याच, या विषयात कोऱ्या असलेल्या पालकांसाठी सांगतो.

संगणकावरचे खेळ ज्या सॉफ्टवेअरमध्ये तयार करतात त्याला गेम इंजिन म्हणतात. युनिटी, अनरिअल ही त्यातली मोठी नावे. आमच्या विद्यार्थ्याने वापरले ते गोडो. हे अर्जेंटिनातल्या दोघा जणांनी, हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्झुर यांनी सुरू केले आणि २०१४ साली सर्वांसाठी खुले केले. ते फुकट मिळते, त्यामुळे आपल्या लॅबच्या जुन्या संगणकांना परवडते.

या इंजिनात पात्राच्या आत एक सांगाडा असतो. माणसासारखीच हाडे: मांडी, पोटरी, दंड, मनगट. हाड वळले की वरची कातडी आणि कपडे त्याबरोबर वळतात. कोणत्या क्षणी कोणते हाड कुठे असावे, याच्या खुणा काळाच्या पट्टीवर मारायच्या असतात. दोन खुणांच्या मधले इंजिन स्वतः भरते. अशा खुणांच्या मालिकेतून "चालणे" बनते, दुसऱ्या मालिकेतून "उभे राहणे", तिसऱ्या मालिकेतून "लेझीम". मग या तिन्ही अवस्थांचा एक नकाशा करावा लागतो. उभ्यावरून चालण्याकडे जाता येईल, चालण्यावरून लेझमीकडे थेट जायचे की आधी उभे राहायचे, एकातून दुसऱ्यात जाताना किती वेळात मिसळायचे, हे सगळे त्या नकाशात लिहिलेले असते.

आपल्याकडे हे अगदीच नवे म्हणता येणार नाही. दादासाहेब फाळक्यांनी १९१५ साली "आगकाड्यांची मौज" नावाची छोटी फिल्म केली होती. काडी थोडी सरकवायची, एक चित्र घ्यायचे, पुन्हा सरकवायची, पुन्हा चित्र घ्यायचे. पडद्यावर काड्या जिवंत झाल्यासारख्या नाचत. हात आणि धीर, एवढेच भांडवल.

आता एजंटचे काय? प्रश्न विचारला की उत्तर लिहून देणारे एआय आता घरोघरी पोहोचले आहे. एजंट त्याच्या एक पाऊल पुढे असतो. तो फाइली उघडतो, वाचतो, बदलतो, खेळ चालवून बघतो, काही चूक उमटली तर ती वाचून पुन्हा बदलतो. त्याला इंजिनाशी जोडण्यासाठी एक सामाईक पद्धत लागते. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाची अशी एक खुली पद्धत नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने जाहीर केली. गोडोमधली दृश्ये साध्या मजकुराच्या फाइलींत साठवता येतात, त्यामुळे एजंटला त्या वाचणे-लिहिणे सोपे जाते. हे सगळे मॅडमच्या खात्यावरून आणि त्यांच्या देखत चालले होते, हे पालकांच्या माहितीसाठी नमूद करतो.

मुलाने विचारले, "सर, तुम्हीच हुकूम देऊन बघता का?" आम्ही सरसावून बसलो आणि मराठीत लिहिले, "या मुलाला लेझीम खेळायला लाव." एजंटने भराभर काम सुरू केले. मध्ये दोनदा परवानगी मागितली, ती आम्ही उदारपणे दिली. शेवटी त्याने लिहिले की काम पूर्ण झाले, लेझमीचे अ‍ॅनिमेशन जोडले आहे आणि खेळ कोणतीही चूक न येता चालतो आहे. आम्ही स्पेस बार दाबला. पडद्यावरचा मुलगा दोन्ही हात आडवे पसरून खांबासारखा उभा राहिला. इकडे नाही, तिकडे नाही.

मुलगा त्या दिवशी पहिल्यांदा हसला. "माझंही पहिल्या दिवशी असंच झालं होतं, सर." मग त्याने कारण दाखवले. एजंटने ज्या नावाच्या हाडाला हालचाल जोडली होती, त्या नावाचे हाड आमच्या सांगाड्यात नव्हतेच. आमच्या सांगाड्यात उजव्या हाताचे नाव वेगळ्या तऱ्हेने लिहिलेले होते. इंजिनाने एक सूचना तेवढी दिली आणि ती हालचाल सोडून दिली. खेळ बंद पडला नाही म्हणून एजंटने मान डोलावली. त्याने पडदा पाहिलाच नव्हता. त्याने पाहिला होता फक्त मजकूर.

हे ऐकून आम्हाला आमच्याच कचेरीची आठवण झाली. तपासणीच्या तक्त्यावर "पूर्तता झाली" असा शिक्का असतो, आणि नळाला पाणी नसते.

नावे दुरुस्त केली. आता मुलगा हलला. पण तो दांडा डोक्यावर गरगर फिरवू लागला, लाठी फिरवावी तसा. तेव्हा आमचा विद्यार्थी म्हणाला, "सर, त्याला लेझीम म्हणजे काय ते शब्दांत माहीत आहे, पण हात कुठे जातो ते माहीत नाही. ते आपण सांगायचं. सांगा ना, चार आवाजमध्ये दुसऱ्या ठोक्याला डावा हात कुठे असतो?"

आम्ही गप्प.

वाचकहो, आमचे सारे शिक्षण हिंदी माध्यमातले. घरात मराठी, शाळा-कॉलेजात हिंदी, आणि बाजारात इंदुरी. लेझीम आम्ही आयुष्यात कधी हातात धरलेली नाही. पण शिवजयंतीला आणि गणेशोत्सवात "लेझीम ही आपल्या मातीची ओळख आहे" हे भाषण आम्ही वर्षानुवर्षे देत आलो आहोत. दुसऱ्या ठोक्याला डावा हात कुठे असतो, एवढे नववीतल्या मुलाने विचारले आणि भाषण तिथेच संपले.

मुलाने मग दप्तरातून एक वही काढली. त्यात त्याने एजंटला दिलेले हुकूम तारखेसह लिहून ठेवले होते. एकूण ४१ हुकूम. प्रत्येकापुढे काय झाले ते लिहिलेले. "हात उलटा वळला." "एकदाच खेळून थांबतो, आवर्तन चालू केले नव्हते." "चालताना अचानक उडी मारल्यासारखा लेझमीत जातो, मिसळायचा वेळ शून्य होता." एका पानावर तर लाल शाईने लिहिले होते, "याने जुनी फाइल पुसली. प्रत ठेवली होती म्हणून वाचलो. आता रोज प्रत." आम्ही पाने उलटत राहिलो. यात तुझी मेहनत कुठे आहे, असे आम्ही विचारले होते. ती इथे होती, शाईत. पाहायला मागितली असती तर त्याने त्याच दिवशी दाखवली असती.

आम्ही त्याला म्हणालो, "आमची चूक झाली." तो म्हणाला, "चालतं सर." पण त्याला ते चालले नव्हते, हे आम्हालाही कळत होते आणि त्यालाही.

गोष्ट इथे संपली असती तर हा लेख फार तर माफीनामा झाला असता. पण प्रश्न उरलाच होता: डावा हात कुठे असतो? मुलाने लेझीम व्हिडिओ बघून बसवली होती. आम्ही ठरवले की आपल्या शाळेचे निवृत्त व्यायाम शिक्षक जवळच राहतात, त्यांना दाखवू. जुन्या विद्यार्थ्यांना ते आठवत असतील. शाळेचे लेझीम पथक त्यांनीच उभे केले होते. आता गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नाही, म्हणून आम्ही लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेलो. चहा झाला. मुलाने प्रदर्शनातला मूळ खेळ चालू केला, तोच, ज्याच्याभोवती दिवसभर गर्दी होती.

सरांनी चष्मा लावला, पुढे झुकून पाहिले आणि म्हणाले, "हा लेझीम खेळत नाहीये. हा पंखा फिरवतोय."

मग त्यांनी तीन चुका काढल्या. पहिली, दांडा उजव्या हातात आहे, पण डावा हात साखळीची मूठ सोडून हवेत तरंगतो आहे. दुसरी, चालताना पाय जमिनीवर घसरतात, "शेवाळावरून चालल्यासारखे". तिसरी आणि सर्वांत वाईट, लेझीम ताणताना आणि मिटताना तिला एकच गती आहे. "अरे, हिसका कुठे आहे? हिसक्याशिवाय झांजा वाजतील कशा?"

त्या प्रदर्शनात दोन परीक्षक होते, विश्वस्त होते, शंभरेक पालक होते आणि आम्ही होतो. कोणाच्याही हे लक्षात आले नव्हते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आम्ही मुलाला दोष दिला तो यंत्र वापरल्याचा. लेझीम चुकलेली आहे, हा दोष आम्हाला दिसलाच नाही, कारण तो दिसायला आधी लेझीम माहीत असावी लागते. जी गोष्ट यंत्राला जमली नव्हती, म्हणजे समोर पाहणे, ती आम्हालाही जमली नव्हती. हे मनाला फार लागले.

पुढचे तीन रविवार सरांच्या अंगणात काम झाले. ते विद्यार्थ्यांनी मुद्दाम वाचावे, कारण त्यात तुमचे गणित आहे.

पाय का घसरतात? सरांनी मुलाच्या हातात खडू दिला. मुलाने अंगणात रेघ मारली आणि तो नेहमीच्या चालीने १० पावले चालला. अंतर मोजले, साडेसहा मीटर. म्हणजे एक पाऊल ६५ सेंटिमीटर. चालण्याच्या एका आवर्तनात दोन पावले, म्हणजे १ मीटर ३० सेंटिमीटर. खेळातल्या पात्राचे ते आवर्तन १ सेकंदाचे होते, आणि त्याची उंची व पाऊल साधारण या मुलाएवढेच होते. म्हणजे पात्राने सेकंदाला १.३ मीटर पुढे जायला हवे. प्रत्यक्षात एजंटने वेग ठेवला होता सेकंदाला २ मीटर. पाय १.३ मीटरचे चालत होते आणि अंग २ मीटर सरकत होते. उरलेले ७० सेंटिमीटर म्हणजे सरांचे शेवाळ! वेग, वेळ आणि अंतर यांची उदाहरणे "हे आयुष्यात कुठे उपयोगी पडणार?" असे विचारत सोडवणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

डाव्या हाताचा प्रश्न अवघड होता. वस्तू एक आणि हात दोन. इंजिनात वस्तू एका हाताच्या हाडाला बांधता येते, ती उजव्या हाताला बांधलेली होती. दुसऱ्या हाताला वेगळे सांगावे लागते, की तुझा पंजा कायम साखळीच्या मुठीवर राहील आणि कोपर व खांदा त्या हिशेबाने वळतील. याला इन्व्हर्स कायनेमॅटिक्स असे लांबलचक नाव आहे. एरवी हालचाल खांद्याकडून बोटांकडे जाते, इथे हिशेब बोटांकडून खांद्याकडे येतो. मुलाने ते एजंटकडून करून घेतले. दोनदा कोपर उलट्या बाजूला वळले, तिसऱ्यांदा बसले.

आणि हिसका? इथे भाषेने घोळ घातला. मुलाने हिंदीत "झटका" असे लिहिले, तर एजंटने अख्खे शरीर हादरवले, विजेचा धक्का बसल्यासारखे. आम्ही मराठीत "जोरात" लिहिले, तर सगळेच भरभर झाले. सरांना विचारले, "हिसका म्हणजे नेमके काय?" सर खुर्चीतून उठले. गुडघ्यावर हात टेकून उभे राहिले, एका हातात दांडा, एका हातात मूठ, आणि त्यांनी आम्हाला करून दाखवले. "ताणताना सावकाश. धनुष्य ओढतात तसे. पुरते ताणले की क्षणभर थांबायचे. आणि मिटताना एकदम. आवाज त्या एकदममध्ये आहे." मुलाने मोबाइलवर वेळ मोजला. एका ठोक्याला अर्धा सेकंद होता. त्यातला सुमारे ०.३५ सेकंद ताणण्यात आणि थांबण्यात जात होता, आणि मिटणे उरलेल्या ०.१५ सेकंदात. मग त्याने हुकूम लिहिला तो असा: चार ठोके, प्रत्येक अर्ध्या सेकंदाचा, एकूण आवर्तन २ सेकंदांचे. प्रत्येक ठोक्यात ०.३५ सेकंदापर्यंत ताण, उरलेल्या वेळात मीट. शेवटची खूण पहिल्या खुणेसारखीच, म्हणजे जोड दिसणार नाही. एजंटने ते एका फटक्यात केले.

स्पेस बार दाबल्यावर सर काही बोलले नाहीत. त्यांनी मुलाला पुन्हा दाबायला सांगितले. मग म्हणाले, "उडी घेण्याआधी हा बसत का नाही? आधी खाली बसल्याशिवाय वर जाता येत नाही." मुलगा आमच्याकडे बघू लागला. नंतर मॅडमनी सांगितले की डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन या चित्रकारांनी १९८१ साली एक मोठे पुस्तक लिहिले, त्यात सजीव हालचालीची बारा तत्त्वे दिली आहेत, आणि त्यांतले एक नेमके हेच आहे: मोठ्या हालचालीआधी उलट दिशेची छोटी तयारी. सरांनी ते पुस्तक पाहिलेले नाही. त्यांनी मुलांचे गुडघे पाहिले आहेत, सत्तावीस वर्षे.

आणखी एक गंमत. लेझमीच्या हालचालींना सर जी नावे सांगत होते ती हिंदी होती: चार आवाज, एक जगह, आगे फलांग, पीछे फलांग. आम्ही विचारले, "सर, खेळ आपला आणि हुकूम हिंदीत?" ते म्हणाले, "मी तरी असेच शिकलो. हुकूम कुठल्याही भाषेत द्या हो, पाय समजून पडला पाहिजे." आयुष्यभर हिंदी माध्यमामुळे आपले मराठी कच्चे, अशी खंत बाळगणाऱ्या आम्हाला त्या वाक्याने थोडे बरे वाटले. पण "हिसका" हा शब्द आम्हाला सुचला नव्हता, ही गोष्ट खरीच. तो सरांकडून घ्यावा लागला, आणि शब्दाबरोबर त्यांचा हातही पाहावा लागला.

आता या सगळ्यातून शाळेने काय घ्यायचे?

विश्वस्त मंडळाच्या गेल्या बैठकीत आम्ही तीन नियम मांडले आणि ते मंजूर झाले. पहिला, प्रदर्शनात एआय वापरण्यास बंदी नाही, परंतु हाताने केलेल्या वस्तू आणि यंत्राच्या मदतीने केलेल्या वस्तू यांचे गट वेगळे राहतील. राजवाडा करणाऱ्या मुलीच्या वडिलांची तक्रार रास्त होती, तिचे उत्तर नियमाने द्यायला हवे होते, मुलाला खाली पाहायला लावून नव्हे. दुसरा, यंत्राची मदत घेणाऱ्याने हुकुमांची वही ठेवावी, कोणता हुकूम दिला, काय बिघडले, कसे सुधारले. परीक्षक आधी वही पाहतील, मग पडदा. तिसरा, ज्या विषयाची वस्तू असेल त्या विषयाचा एक जाणकार परीक्षकांत असावा. लेझमीच्या खेळाला लेझीम जाणणारा, राजवाड्याला राजवाडा निरखून पाहिलेला.

पालकांना एक विनंती. मुलगा किंवा मुलगी "एआयने करून दिलं" असे म्हणाली तर दोन टोके टाळावीत. लगेच कौतुक करू नये, आणि आमच्यासारखे लगेच रागावूही नये. शेजारी बसावे आणि विचारावे, "हे बरोबर आहे हे तुला कसे कळले?" उत्तर "त्यानेच सांगितले, झाले म्हणून" असे असेल तर काम व्हायचे आहे. उत्तर "मी मोजून पाहिले", "मी आजोबांना दाखवले" असे असेल तर यंत्र कोणतेही असो, मुलगा शिकतो आहे. आणि परवानगी मागणाऱ्या प्रत्येक खिडकीवर डोळे मिटून हो म्हणू नये, फाइलींची प्रत ठेवावी, हेही घरी सांगावे. आम्ही उदारपणे दिलेल्या परवानग्यांपैकी एकीने काय बदलले, ते आम्हाला मॅडमनी नंतर दाखवले, ते इथे लिहीत नाही.

त्या मुलाला गेल्या वर्षीचे बक्षीस आता देता येत नाही. तसे केले तर दुसऱ्या मुलीवर अन्याय होईल. मात्र २६ जानेवारीला ध्वजवंदनानंतर, ज्या मंडळींसमोर आम्ही त्याला बोललो होतो, त्यांतले जेवढे हजर होते तेवढ्यांसमोर आम्ही आमचे शब्द परत घेतले. तो पुन्हा लॅबमध्ये येतो. सध्या तो "आगे फलांग" बसवतो आहे, आणि अजून त्याच्या पात्राचा पाय उतरताना जमिनीत रुततो.

राहिली लेझीम. सरांनी विचारले, "शाळेच्या लेझमी कुठे आहेत?" आम्ही माळीदादांना घेऊन जिन्याखालची खोली उघडली. जुन्या बाकांमागे दोन पोती सापडली. मोजल्या, ३४ निघाल्या. दांडे बहुतेक शाबूत आहेत, पण साखळ्या गंजल्या आहेत आणि बऱ्याच झांजा गळून पडल्या आहेत. सरांनी शनिवारी सकाळी सात वाजता यायचे कबूल केले आहे. ते खुर्चीवर बसूनच शिकवतील. पहिल्या शनिवारी ११ मुले-मुली आल्या. आम्हीही गेलो होतो. दुसऱ्या ठोक्याला डावा हात कुठे असतो, ते आता आम्हाला माहीत आहे. हात मात्र अजून वेळेवर तिथे पोहोचत नाही.

साखळ्या आणि झांजा नव्या बसवायच्या आहेत. ज्या पालकांच्या ओळखीत लोहारकाम करणारे कोणी असतील, त्यांनी कार्यालयात कळवावे. ज्या माजी विद्यार्थ्यांनी सरांच्या हाताखाली लेझीम खेळली आहे, त्यांनी एखाद्या शनिवारी पटांगणावर यावे. सरांना उठून दाखवता येत नाही, तेव्हा करून दाखवणारे कोणी तरी हवे आहे.